आजचा शून्य

मूर्तीचे डोळे आखणारा कारागीर कुंचला रंगात बुडवल्यावर लगेच मूर्तीकडे वळत नाही. पहिली रेघ तो आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढतो. रंग फार पातळ झाला आहे का, कुंचल्याचे केस फाकले आहेत का, हात स्थिर आहे का, हे त्या नखावर कळते आणि मगच कुंचला मूर्तीच्या डोळ्यापाशी जातो. सगळीकडे असेच करतात की नाही हे मला ठाऊक नाही. पेणला मोकल सरांच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात मात्र ही रीत होती. मोकल सरांनी ती तिथून उचलून रसायनशास्त्राच्या वर्गात आणली आणि निवृत्तीनंतर रक्ताच्या थेंबापर्यंत नेली. त्यातून जो घोटाळा झाला, तो नेमका काय होता हे मला अजून पुरते उलगडलेले नाही. जेवढे उलगडले आहे तेवढे क्रमाने सांगते.

रोह्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सर रसायनशास्त्र शिकवीत आणि मी गणित. आम्ही दोघेही राहायला पेणला. त्यामुळे जाता-येता गाडीत समोरासमोर बसण्याचा योग अनेक वर्षे आला. उंच, किंचित पुढे झुकलेले, सदरा नेहमी पांढरा, आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर कुठल्या ना कुठल्या रंगाची पुसट रेघ. कधी काळी, कधी निळी. सकाळी गाडी पकडण्याआधी ते कारखान्यात जाऊन दोन-चार मूर्तींचे डोळे आखून येत. ती रेघ नसली की मी विचारी, "सर, आज देव आंधळे का?" ते म्हणत, "आज देवांना सुट्टी हाय, बाई."

वर्गात ते प्रमाण भाषेत बोलत आणि वर्गाबाहेर पडले की पेणच्या. त्यांचे एक वाक्य मात्र आत-बाहेर सारखेच होते : "आधी माझ्यावर." कोणत्याही प्रयोगाचा पहिला अनुभव मास्तरांनी घ्यायचा, असा त्यांचा दंडक होता. अमोनियाचा वास कसा असतो हे दाखवायचे असेल तर पहिला झोत ते आपल्या नाकाकडे वळवीत, डोळ्यांतून पाणी काढीत आणि मगच परीक्षानळी पहिल्या बाकाकडे देत. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटे, "सर पडले नाय, म्हणजे आता आपली पाळी." सरांना ते ऐकू जाई. "बरोबर," ते म्हणत, "विज्ञान याच क्रमाने पुढे जातं."

या दंडकाचा आम्हा सर्वांना अभिमान होता. मास्तर म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्यासाठी समोर ठेवलेली आदर्श उत्तरे. त्यांच्याशी सगळ्यांना ताडून पाहायचे; त्यांना स्वतःला कशाशी ताडायचे, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयात कुणाच्या मनातही येत नसे.

सर कबड्डीचे वेडे होते. आमच्या भागात हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचा एक हुशार विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघात होता. एका सामन्यात पकड करताना त्याचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळले. तो उठला, माती झटकली, हसला आणि सामना पूर्ण खेळला. जखम नव्हती, म्हणून कुणी दवाखान्यात नेले नाही. पुढे काही महिन्यांत त्या मुलाला तोंडपाठ असलेली समीकरणे आठवेनाशी झाली आणि अखेर त्याने शिक्षण सोडले. सर त्या सामन्याला प्रेक्षकांत होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच गाडीत निडी स्टेशन मागे पडता पडता म्हणाले होते, "रक्त आलं असतं तर धावलो असतो, बाई. रक्त नाय आलं, म्हणून टाळ्या वाजवत बसलो."

म्हणूनच, निवृत्तीनंतर त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रणाली एक लहानशी पट्टी घेऊन पेणला आली, तेव्हा सर अर्ध्या तासात तिच्या कामात उतरले याचे मला नवल वाटले नाही. प्रणाली मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करीत होती. डोक्याला मार बसला की मेंदूच्या पेशींतील काही प्रथिने रक्तात झिरपतात. ती रक्ताच्या एका थेंबात, जागच्या जागी आणि काही मिनिटांत ओळखता आली, तर कुणाला ताबडतोब स्कॅनसाठी मोठ्या दवाखान्यात हलवायचे हे मैदानावरच ठरवता येईल. पट्टी त्यासाठी होती. प्रयोगशाळेत ती चालत होती. आता घामात, धुळीत, दमट हवेत ती टिकते का हे पाहायचे होते. रीतसर परवानग्या झाल्या होत्या. प्रत्येक मैदानावर डॉक्टर असणार होते, खेळाडूंची संमती घेतली जाणार होती आणि पट्टी काहीही म्हणाली तरी निर्णय डॉक्टरांचाच राहणार होता. सरांकडे यंत्र सांभाळणे आणि आकडे कळवणे एवढेच काम होते.

मला ती पट्टी कळेना, तेव्हा सरांनी मला विद्यार्थ्यासारखे समोर बसवले. "पट्टीवर कार्बनच्या शाईचा एक ठिपका हाय. त्याच्यातून बारीकसा विद्युतप्रवाह जातो. त्या ठिपक्यावर असे रेणू बसवलेत की ते फक्त मेंदूतल्या त्या प्रथिनालाच पकडून ठेवतात. आता, वर्ग सुटलाय आणि पोरं दारातून बाहेर पडतायत असं समजा. दारातच चार दांडगट उभे राहिले तर काय होईल?"

"बाहेर पडण्याचा वेग मंदावेल."

"बस. प्रथिन म्हणजे ते दांडगट. ते जितके जास्त चिकटले, तितका प्रवाह कमी. प्रवाह किती कमी झाला, यावरून दारात किती जण उभे हायत ते कळतं."

अडचण अशी की हवा बदलली की प्रवाहही बदलतो. सकाळच्या आकड्याशी दुपारच्या आकड्याची तुलना करता येत नाही. म्हणून दर वेळी आधी एक निरोगी नमुना तपासायचा. यंत्र त्याला शून्य धरते आणि खेळाडूच्या थेंबात प्रथिन त्याहून जास्त असेल तर आकडा शून्याच्या वर दाखवते. या निरोगी नमुन्यासाठी प्रणालीने एक द्राव दिला होता. तो बर्फात ठेवावा लागे. पहिल्याच स्पर्धेत दुपारपर्यंत बर्फाचे पाणी झाले आणि सरांनी ती बाटली कायमची बाजूला ठेवली.

"बाटलीतलं पाणी घाम गाळत नाय, ऊन खात नाय," ते म्हणाले. "मैदानावरचा शून्य मैदानावरच्या माणसाचाच पायजे. आधी माझ्यावर."

त्या दिवसापासून पहिला थेंब त्यांच्या डाव्या अंगठ्याचा. नखावर कारखान्यातली रेघ, आणि नखाच्या पलीकडे सुईचा ठिपका. मैदानावर पोचले की ते जाहीर करीत, "आजचा शून्य मी." खेळाडूंनाही त्याची गंमत वाटे. कुणी विचारी, "सर, तुम्ही शून्य, मग आम्ही कोण?" सर म्हणत, "ते यंत्र सांगेल." आपण काय करतो आहोत हे त्यांनी प्रणालीला फोनवर कळवले होते. ती "पण सर" म्हणता म्हणता "बरं सर" म्हणाली. ती मोठी संशोधक झाली होती, पण पहिल्या बाकावरची मुलगी तिच्यात शिल्लक होती. सरांना कोण सांगणार?

सुरुवातीला सारे अपेक्षेप्रमाणे चालले. ज्यांना काही लागले नव्हते त्यांचे आकडे शून्याच्या आसपास राहिले. मग, हंगाम रंगात येऊ लागला तसे काहीतरी बिनसले. आकडे शून्याच्या खाली जाऊ लागले. धडधाकट खेळाडूंचे खाली, कोपर सोललेल्यांचे खाली, धडकून पडलेल्यांचेही खाली. जणू रायगडची सारी तरुण पिढी निरोगी माणसापेक्षाही अधिक निरोगी होत चालली होती. गणितात ऋण संख्या मी आयुष्यभर शिकवल्या, पण शून्याहून कमी इजा म्हणजे काय, ते मला समजेना. सर म्हणत, "दमट हवा." पुढच्या आठवड्यात म्हणत, "कोरडी हवा."

निडीच्या मैदानावरचा सामना मी स्वतः पाहिला. रुपेश नावाचा चढाईपटू पकडीत उलटा पडला आणि डोक्यावर आपटला. उठला तेव्हा तो चुकीच्या संघाकडे चालू लागला. डॉक्टरांनी त्याला बसवले, परिचारिकेने बोट टोचले, सरांनी पट्टी यंत्रात घातली. आकडा शून्याच्या किंचित खाली आला. तेवढ्यात रुपेशला उलटी झाली.

त्याचा काका मागेच उभा होता. त्याने यंत्रात डोकावून पाहिले. "काय हो सर, तुमची पट्टी म्हणते पोरगा ठणठणीत हाय. मग ह्या उलट्या काय तुमच्या वाटच्या काढतोय काय?"

लोक हसले. डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. रुपेशला गाडीत घालून पुढे पाठवले. स्कॅनमध्ये त्याच्या मेंदूला सूज असल्याचे दिसले. वेळेवर पोचल्यामुळे तो बरा झाला. पण पट्टी नापास झाली होती, आणि तीही जिथे पास होणे सर्वांत आवश्यक होते तिथे.

त्या दिवशी आम्ही परतीची गाडी पकडली. नागोठणे आले तसे सर उठले आणि उतरू लागले. मी म्हटले, "सर, पेण अजून यायचंय." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू पेण हे नाव ते प्रथमच ऐकत होते. मग परत येऊन बसले. मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला : माणूस खचला आहे.

अशा गोष्टी वाढू लागल्या होत्या आणि प्रत्येकीला वेगळे कारण सापडत होते. सुमनवहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, एकदा मला दारातच गाठून सांगितले, "बाई, ह्यांना जरा समजवा. चहात मीठ घातलं काल. वर मलाच म्हणतात, साखरेला चव नाय राह्यली. चालतात पन कसे, एक पाय मागं ऱ्हातो." मी म्हटले, "वय झालं, वहिनी. आणि त्या पट्ट्यांची काळजी." वहिनी म्हणाल्या, "वय माजं पन झालंय. मी नाय घातलं मीठ."

मग प्रणालीचा फोन आला. तिचे वरिष्ठ पट्ट्यांची ती सारी खेप सदोष ठरवून काम थांबवायला निघाले होते. निडीचा आकडा त्यांच्यापुढे होता. पट्टी सदोष ठरली तर तिची कित्येक वर्षांची मेहनत त्याबरोबर जाणार होती. सर फोनवर एवढेच म्हणत राहिले, "पट्टी चांगली हाय, पोरी." पण का, हे त्यांना सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर यंत्र होते आणि उरलेल्या मोजक्या पट्ट्या. वहिनी पोह्याचे पापड डब्यात भरीत होत्या. सरांनी मला सारे पुन्हा समजावून सांगायला घेतले : दार, दांडगट, वेग. मधेच अडखळले, पुन्हा दारापासून सुरू केले. ऐकता ऐकता मी सहज, खरे तर गोंधळूनच, विचारले, "सर, सगळ्यांना आपण तुमच्याशी ताडतो. मग तुमचा पेपर कोण तपासतं?"

सर थांबले. अंगठ्याच्या नखाकडे पाहत राहिले. त्या दिवशी तिथली रेघ नखावरून घसरून कातडीवर गेली होती.

"कोणीच नाय," ते म्हणाले. मग हाक मारली, "सुमन, जरा हिकडं ये गो. बोट दे."

"माजं?" वहिनी म्हणाल्या. "उभा जन्म म्हनत आलात, हिच्या डोक्यात कांदे-बटाटे भरलेत. आता त्याचं मोजमाप घेता काय?"

"घेतो. आजचा शून्य तू."

"हळू हं. सुई हाय ती, खिळा नाय."

वहिनींचा थेंब पट्टीवर गेला. यंत्राने तो शून्य धरला. मग सरांनी आपला अंगठा टोचला आणि दुसरी पट्टी आत घातली. आम्ही तिघे त्या छोट्या चौकटीकडे पाहत होतो. आकडा शून्याच्या वर गेला, आणखी वर गेला आणि त्या हंगामात कुठल्याही मैदानावर न दिसलेल्या जागी जाऊन थांबला.

सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद मी पाहिला, तो त्यापूर्वी एखाद्याच निकालाच्या दिवशी पाहिला असेल. "बघा बाई. पट्टी बरोबर हाय. पोरीची काय चूक नाय. शून्यच वर चढत होता, म्हणून पोरं खाली दिसत होती." त्यांनी तसाच प्रणालीला फोन लावला. "पोरी, ऐक. तुझी पट्टी पास. दारात दांडगट उभे हायत ते तिनं बरोबर ओळखलं."

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे तिचे बोलणे आम्हालाही ऐकू आले. "कुणाच्या दारात, सर?"

"माझ्या," सर म्हणाले, जणू वर्गात पहिला आलेल्याचे नाव वाचून दाखवीत होते.

मग प्रणाली हळूच म्हणाली, "सर, फोन काकूंकडे द्या."

वहिनींना तेव्हा आठवले. गणपती आटोपल्यावर कारखान्यात साचे माळ्यावर चढवताना सरांचे डोके वाशावर आपटले होते. रक्त आले नव्हते. सर हसले होते आणि साचे चढवून झाल्यावर घरी येऊन जेवलेही होते. "रक्त नाय आलं," वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "म्हनून मी पन काय बोलले नाय." त्याच संध्याकाळी आम्ही सरांना पनवेलला नेले. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत गेले होते आणि मेंदूला एका बाजूने दाबत होते. वाढत्या वयात साध्या धक्क्यानेही असे होते आणि कित्येक आठवडे कळत नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावले. कवटीला छिद्रे पाडून ते रक्त काढले गेले. सर वाचले. मिठाची आणि साखरेची ओळख परत आली, मागे राहणारा पायही बरोबरीने चालू लागला.

इथे गोष्ट संपली असती तर ती सरळ झाली असती. पण सरांच्या आठवणीतून ती दुपार गेली होती. अंगठा टोचल्याचे, फोन केल्याचे, त्या आनंदाचे त्यांना काहीच आठवत नव्हते. मी त्यांना सारे सांगितले. त्यांनी ते एखाद्या नवख्या विद्यार्थ्याची वही तपासावी तसे शांतपणे ऐकले.

"पट्ट्या किती जुन्या होत्या?"

"मुदत संपत आलेल्या."

"मोजमाप पुन्हा केलं?"

"नाही. तुम्हाला दवाखान्यात न्यायचं होतं."

"मग बाई, एका थेंबावरून असा निष्कर्ष काढता येत नाय. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला तरी हे कळायला पायजे."

प्रणालीचेही म्हणणे तेच होते. ती म्हणाली की असे साचलेले रक्त आणि ते प्रथिन यांचा संबंध शक्य आहे, पण हे मोजमाप पुरावा म्हणून धरता येणार नाही. डॉक्टर म्हणाले की चाल पाहूनच त्यांनी स्कॅन करायला लावला असता. प्रणालीचे काम थांबले नाही एवढे मात्र खरे. एकाच माणसाला शून्य धरायचे नाही असा नियम झाला आणि पट्ट्या पुन्हा मैदानावर आल्या. त्यामुळे मी आजही गोंधळलेली आहे. पट्टीने सरांना वाचवले, की वहिनींच्या मिठाच्या तक्रारीने? तो आकडा खरा होता, की जुन्या पट्टीने मारलेली थाप योगायोगाने खरी ठरली? ज्या एकट्या माणसाने त्या दुपारी खात्रीने उत्तर दिले होते, तोच पुढे त्या उत्तराला गुण द्यायला तयार नव्हता.

पुढच्या वर्षी सर गेले, ते हृदयविकाराने. त्याआधी काही दिवस मी त्यांना कारखान्यात शेवटचे पाहिले. रांगेत मूर्ती होत्या, अजून डोळे नसलेल्या. आजारपणानंतर त्यांनी आखणीला हात लावला नव्हता. त्या दिवशी भावाने एक छोटी मूर्ती त्यांच्यापुढे ठेवली होती. सरांनी कुंचला रंगात बुडवला, काठावर निथळला आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढली. बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग, इतक्या वर्षांत कधी केले नव्हते ते केले. अंगठा माझ्यापुढे धरला.

"सरळ हाय का, बाई?"

मी पाहिली. मला ती सरळ वाटली. पण ती खरोखरच सरळ होती, की माझे डोळे तिला सरळ करीत होते, हे मला ठरवता येईना. आणि भूमिती शिकवण्यात तर माझा जन्म गेला.

सरांना माझी अडचण कळली असावी. मागे साचे पुसत बसलेल्या वहिनींकडे मान वळवून त्यांनी हाक मारली, "सुमन, हिकडं ये गो. बघून सांग."

वहिनी हातातले काम ठेवून आल्या. "थांबा, चष्मा लावते," म्हणाल्या. त्यांनी सरांचा अंगठा धरून दाराच्या उजेडाकडे नेला, इकडून पाहिले, तिकडून पाहिले. कुंचला उजव्या हातात तसाच उचललेला ठेवून, मूर्तीला पाठ करून, सर त्यांच्या उत्तराची वाट पाहत उभे राहिले.